हसनचाचा, दाऊद आणि माझी साक्ष

आमच्या घरात बोटीवरचा माणूस परत आला की पहिले आठ दिवस चूल विझायची नाही. हसनचाचा, म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, कायमचे घरी आले तेव्हाही तसंच झालं. दाभोळला आगबोटीतून उतरून ते मचव्याने खाडीतून वर आमच्या मोहल्ल्यापर्यंत आले, तोवर आईने सांदणं वाफेला लावली होती, आक्नी पुलावाचा मसाला वाटून झाला होता आणि मागच्या परसात मरियमचाची, म्हणजे हसनचाचांची बायको, नारळ खवताना इतकी घाई करत होती की तिचं बोट खवणीवर कापलं. आगबोटीवर कोळसा ओढून चाचांची छाती बिघडली होती. जेवायला बसले की दोन घासांमध्ये थांबून ते श्वास घेत. आई म्हणायची, “आता कुठं नको जाऊस रे. जे मिळेल ते इथेच खाऊ.” चाचा हसायचे. त्यांचं हसू मला अजून नीट आठवतं, कारण पुढची तीस-पस्तीस वर्षं मी ते शोधत राहिले.

आमचे बाबा जमातीचे प्रमुख होते. मोहल्ल्यातली लग्नं, वाटण्या, भांडणं सगळं आमच्या पडवीत यायचं. पडवीत सुपारी कातरल्याचा आवाज सुरू झाला की आम्ही बायकामुलींनी माजघरात जायचं, हे कुणी सांगावं लागत नसे. पण दाराची फळी थोडी वाकलेली होती आणि मला ऐकायची फार हौस होती. तेरावं सरून चौदावं लागलं होतं मला. मराठी शाळा सुटली होती, कुराण एकदा वाचून पुरं झालं होतं आणि आता मी दुपारी खतीबसाहेबांकडे उर्दू किताबं वाचायला जात असे. खतीबसाहेब म्हणजे आमच्या मशिदीत नमाज पढवणारे, निकाह लावणारे वयस्क गृहस्थ. डोळ्यांनी अधू झाले होते, म्हणून ते मला वाचायला लावत आणि मी चुकले की न बघताच चूक सांगत. मोहल्ल्यात माझं नाव होतं, हमीदा खोटं बोलत नाही. आईला त्याचं कौतुक वाटे. मलाही वाटे, तिच्याहून जास्त.

मरियमचाची राजापूरची. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यातली सव्वातीन चाचांनी समुद्रावर काढलेली. ती गोरी, नाजूक, बोलायला मोकळी. दळायला बसली की जात्याबरोबर तिचं गाणं सुरू व्हायचं, आणि आमच्याकडचे लोक तिच्या हेलाची नक्कल करायचे तेव्हा तीच सगळ्यांत मोठ्याने हसायची. चाचा घरी आल्यावर चार-सहा महिन्यांत तिचं गाणं कमी झालं. चाचा तिच्याशी वाईट वागत नसत. तिच्यासाठी काकणं आणत, ती आजारी पडली तर पेज करून देत. पण ते माजघरात तिच्या शेजारी बसले की पाहुण्यासारखे बसत, पाय आखडून.

पाय पसरून ते बसायचे एकाच ठिकाणी, दाऊदच्या मांडवात. दाऊद हा गलबतं-मचवे बांधणारा सुतार. चाचांच्याच वयाचा, मदरशात एका चटईवर बसलेला. रुंद खांद्यांचा, काळा, कमी बोलणारा. मोहल्ल्याच्या टोकाला त्याचं माडाच्या झापांचं घर, घरात तो आणि त्याची म्हातारी आई फातमाबी. खाडीच्या काठावर त्याचा मांडव होता, तिथे त्या वर्षी एका मोठ्या मचव्याचं बांधकाम चालू होतं. चाचा सकाळी जात ते फळ्यांच्या फटींत कापूस भरायला, राळ तापवायला. दोघांचं जेवण घेऊन दुपारी मी जायची. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कधी कुळथाची पिठी. लांबूनच करवतीचा आवाज यायचा. तो बंद झाला की समजायचं, भूक लागली.

त्या दिवशी करवत बंदच होती. उन्हाने राळेचा वास सुटला होता. मचव्याच्या सावलीत चाचा आडवे झाले होते आणि त्यांचं डोकं दाऊदच्या मांडीवर होतं. दाऊद त्यांच्या केसांतला भुसा एकेक करून काढत होता. मग तो वाकला आणि त्याने चाचांच्या कपाळावर ओठ टेकले. चाचांनी डोळे न उघडता त्याचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला, जिथे त्यांना दुखायचं तिथे. मी खोकले. चाचा उठून बसले. दाऊद म्हणाला, “ये गो बाय, ठेव तिथं.” मी डबा ठेवला आणि आले. मी पाहिलं ते एवढंच. माझ्या मनात काही वाईट आलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला असं हात लावत नसे, म्हणून मला ते थोडं नवल वाटलं, इतकंच.

पावसाच्या आधी चाचीचा थोरला भाऊ इस्माईल राजापूरहून आला. बहिणीची हाडं वर आलेली बघून त्याने आईला विचारलं, मग चाचीला. चाची काही बोलेना. दोन दिवस तो मोहल्ल्यात फिरला, चहा प्यायला, लोकांचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पडवीत उभा राहून तो ओरडला, “लग्नाला चार वर्षं झाली तरी माझी बहीण कुंवार आहे! तुमचा भाऊ त्या सुताराचा नवरा आहे की बायको, ते आधी सांगा!” सुपारीचा अडकित्ता थांबला. मी दाराच्या फळीमागे होते. माझ्याजवळच चाची उभी होती. तिने पदराने तोंड इतकं घट्ट दाबलं होतं की तिला श्वास कसा येत होता कोण जाणे.

शुक्रवारच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर जमात बसली. मला नंतर बोलावलं गेलं, पण सुरुवातीचंही मी ऐकलं, कारण ओट्याला लागूनच खतीबसाहेबांची खोली आणि तिथे मी माझी किताब घेऊन बसलेली. इस्माईलने पुन्हा तेच सांगितलं. लोक खवळले. कुणी म्हणालं, “चिपळूणला फौजदाराकडे द्या, इंग्रजाच्या कायद्यात जन्मठेप आहे याला.” दुसरा म्हणाला, “म्हणजे तालुकाभर आपली छीथू. आपल्या शरीयतीत काय आहे ते सांगा, खतीबसाहेब.”

खतीबसाहेब हळू बोलत. “किताबात याची सजा फार कडक आहे. लग्न झालेल्याला तर मौत आहे. ती द्यायला मुसलमान हुकूमत लागते, काझी लागतो. इथे दोन्ही नाही. आणि असते तरी चार साक्षीदार लागतात. चार मर्द, नेक, ज्यांनी ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी उघड पाहिली आहे असे. ऐकलेलं चालत नाही, वाटलेलं चालत नाही. लपून बघणं हा गुन्हा आहे. आणि चार उभे राहिले नाहीत, तर आरोप करणाऱ्याच्या पाठीवर ऐंशी फटके आहेत. इस्माईलमियां, तुमच्याकडे चार आहेत?”

इस्माईल खाली बसला. तिथेच सगळं संपलं असतं. पण बाबांना ते तेवढ्यावर नको होतं. घराण्याच्या अंगावर शिंतोडे उडाले होते आणि ते पुसून निघावेत, उरू नयेत, असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, “माझी मुलगी रोज त्या मांडवात जाते. अख्ख्या मोहल्ल्याला माहीत आहे, ती खोटं बोलत नाही. तिलाच विचारा.” मी ‘काही नाही’ म्हणेन, अशी त्यांची खात्री होती. चाचांनी मान वर करून बाबांकडे बघितलं. दाऊद ओट्याच्या कडेला उभा होता, तो खाडीकडे बघत होता.

मी डोक्यावरून ओढणी घेऊन दारात उभी राहिले. पन्नास-साठ पुरुष, आणि सगळे माझ्याकडे तोंड करून. आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांची सभा माझ्या बोलण्याची वाट बघत होती. आज इतक्या वर्षांनी लिहिते आहे तर खरं लिहावं. मला भीती वाटली नाही. मला तो मान आवडला.

“काय बघितलंस तू, बेटा?” एकाने विचारलं.

मी सांगितलं. भुसा सांगितला, कपाळ सांगितलं, छातीवरचा हात सांगितला. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. बोलून झाल्यावर मी बाबांकडे बघितलं, शाबासकीसाठी. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“हिची साक्ष साक्ष नाही,” खतीबसाहेब उठून उभे राहिले. “ही मुलगी आहे, एकटी आहे, आणि तिने जे सांगितलं त्यात गुन्हाच नाही. कपाळाला ओठ लावण्यासाठी किताबात हद्द, म्हणजे ठरलेली सजा, नाही. घरी जा सगळे.” पण आता त्यांचं ऐकायला कुणी बसलं नव्हतं. “मांडीवर!” “दिवसाढवळ्या!” “पोरीच्या समोर!” इस्माईल पुन्हा उभा राहिला होता. मला कुणीतरी खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं. त्या दाराला वरच्या बाजूला जाळी होती. मी किताबांच्या पेटीवर चढले.

बाबांनी तेव्हा जे केलं ते त्यांना फार लवकर सुचलं. त्यांनी हसनचाचांचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हसन, हा तुझ्या मागे लागला होता की तू त्याच्या?” मग थांबून, खालच्या आवाजात, पण मला ऐकू आलं, “नीट बोल. एकदाच विचारतोय.”

चाचांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत सगळे थांबले. मग ते म्हणाले, “त्याने मला नादी लावलं.”

चाचांकडून तौबा म्हणवून घेतली. जमातीच्या पंचांनी सांगितलं, तौबा मनापासून असेल तर दिसू दे. मशिदीच्या विहिरीचा काथ्याचा दोर आणला, पाण्यात बुडवला आणि तो चाचांच्या हातात दिला. खतीबसाहेब मध्ये आले. “ही शरीयत नाही! तुम्ही तुमच्या रागाला शरीयत म्हणताय!” दोघांनी त्यांना काखेत धरून बाजूला बसवलं, आदराने, टोपी पडली होती तीसुद्धा उचलून डोक्यावर ठेवली. दाऊदने स्वतःच सदरा काढला. पहिला फटका चाचांनी मारला. तो हलका बसला, म्हणून पंच म्हणाले, परत. दुसरा त्यांनी जोरात मारला. मग दोर इतरांनी घेतला. किती झाले ते कुणी मोजलं नाही. मीही मोजले नाहीत, कारण मी पेटीवरून उतरून कानांवर हात ठेवून बसले होते. दोराचा आवाज हाताच्या तळव्यांतूनही येतो.

चाचांना घरी आणून गोडाचा शिरा खाऊ घातला गेला. घराण्याचं नाव वाचलं होतं. इस्माईलला सांगितलं, नवऱ्याने तौबा केली, आता तक्रार कसली? चाचीने मागितलं असतं तरी तिला सुटका मिळणार नव्हती, कारण चाचा कबूल झाल्याशिवाय खुला, म्हणजे बायकोने मागितलेली फारकत, होत नाही आणि कबूल होणं म्हणजे तौबा खोटी ठरणं. इस्माईल एकटाच राजापूरला परतला. दाऊदवर जमातीने बहिष्कार घातला. विहिरीवर पाणी नाही, दुकानात मीठ नाही, सलामला जबाब नाही, मशिदीत नमाजाच्या रांगेत जागा नाही. मचव्याच्या मालकाने काम काढून दुसऱ्या सुताराला दिलं. दाऊद पलीकडच्या झऱ्यावरून कावडीने पाणी आणायचा, पाठ बरी होईपर्यंत एका खांद्यावरून.

चार दिवसांनी मी किताब घेऊन गेले तेव्हा खतीबसाहेब ओट्यावर ऊन खात बसले होते. मी विचारलं, “माझी साक्ष धरत नाहीत, तर मला विचारलं कशाला?” “पोरी,” ते म्हणाले, “त्यांना साक्ष नको होती. त्यांना सुरुवात हवी होती.” मग म्हणाले, “वाच.” मी वाचायला लागले. त्या दिवशी मी पुष्कळ चुकले आणि त्यांनी एकही चूक दाखवली नाही.

माझी नात वकिलीचं शिकते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, आजी, मग दोष कुठल्या कायद्याचा? इंग्रजाचं ते कलम अजून पुस्तकात आहे म्हणे. मी तिला म्हटलं, मला दोन्ही कायदे कळत नाहीत. एकाने जन्मठेप सांगितली होती, दुसऱ्याने मौत. पण दाऊदची पाठ ज्यांनी फोडली त्यांच्या हातात दोन्हींपैकी एकही नव्हता. शेजारी होते ते. त्यांच्यातल्या एकाची सून बाळंत झाली तेव्हा फातमाबीने तीन दिवस तिच्या उशाशी काढले होते.

फातमाबी पावसाळ्याच्या शेवटी वारली. आमच्या मोहल्ल्यात बाई मेली की तिला शेवटची आंघोळ फातमाबीच घालत असे. माझ्या आजीला तिनेच घातली होती. सकाळी दाऊद आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. पायरी चढला नाही. म्हणाला, “आई गेली. बायका पाठवा.” बाबा पडवीत होते. त्यांनी वर बघितलं नाही. दाऊद पुढच्या दारी गेला, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारातून त्याचा तोच आवाज येत होता, “आई गेली. बायका पाठवा.” आत हसनचाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई चुलीसमोर रडत होती आणि भाकरी थापत होती.

मरियमचाची उठली. तिने पदर खोचला, कोनाड्यातून कापूर घेतला, नवा साबण घेतला आणि ती पडवीतून निघाली. बाबा म्हणाले, “मरियम, त्या घरात पाय ठेवलास तर या घरात परत ठेवायचा नाही.”

चाची थांबली. “दादा,” ती म्हणाली, “तुमच्या या घरात माझा पाय कधी ठरलाच नाही.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “हमीदा, येतेस? एकटीला पाणी ओतायला जमायचं नाही.”

मी बाबांकडे बघितलं. आणि गेले नाही. चाची मशिदीच्या विहिरीवर गेली, सगळ्यांच्या देखत तिने पाणी काढलं आणि घागरी एकेक करून नेल्या. चार खेपा झाल्या. कुणाची तिला अडवायची हिंमत झाली नाही आणि कुणी घागरीला हातही लावला नाही.

कबरस्तानाच्या फाटकाला जमातीचं कुलूप होतं. खतीबसाहेबांनी किल्ली मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा दाऊदने आईला उचलून आपल्या छोट्या होडीत निजवलं. खतीबसाहेब डोक्याशी बसले. दाऊद वल्हं घेऊन उभा राहिला. पलीकडच्या गावी, जिथे कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या कबरस्तानात फातमाबीला जागा मिळाली. मी धक्क्यावर गेले होते, माडाच्या आडोशाला. होडी लहान होत गेली. खतीबसाहेब संध्याकाळी तरीच्या होडीने एकटेच परतले. दाऊद परत आला नाही. कुणी म्हणालं तो मुंबईला गोदीत आहे, कुणी म्हणालं आफ्रिकेला गेला. त्याचं झापांचं घर पुढच्या पावसात बसलं.

चाची त्या रात्री खतीबसाहेबांच्या घरी राहिली आणि इस्माईलला निरोप जाईपर्यंत तिथेच थांबली. तिला तलाक मिळायला सहा वर्षं लागली, तेही चाचांचं दुसरं लग्न ठरवताना बाबांना अडचण नको म्हणून. राजापूरला शिवणकाम करून ती जगली. माझ्या लग्नाला मी तिला बोलावलं. ती आली नाही. तिने एक पांढरं चादरीचं कापड पाठवलं, कडेला विणलेलं. मी ते कधी वापरलं नाही.

हसनचाचांना दुसऱ्या बायकोपासून दोन मुली झाल्या. बाबांच्या मागे ते जमातीत बसू लागले, हाजी झाले, लोक उठून सलाम करायचे. माझ्याशी ते फार मायेने वागत, आणि ती माया मला सोसत नसे. एकदा मी माफी मागायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं, “मुलांचं शिक्षण कसं चाललंय?”

त्यांच्या शेवटच्या आजारात मी सासरहून आले. दुपारची वेळ होती, त्यांच्या मुली स्वयंपाकघरात होत्या. छाती भात्यासारखी वाजत होती. त्यांनी मला जवळ बसायची खूण केली.

“फातमाबीला नेलं त्या दिवशी,” ते म्हणाले, “तू धक्क्यावर होतीस.”

“होते.”

“मी घरात होतो.” बराच वेळ श्वास जमवून ते म्हणाले, “त्याने वर बघितलं का? आपल्या घराकडे?”

दाऊद आमच्याकडे पाठ करून उभा होता. धक्क्यापासून खाडीच्या वळणापर्यंत त्याने एकदाही मान वळवली नव्हती. वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला त्याच्या पाठीवरचा सदरा ताणायचा आणि सैल पडायचा, ते मी शेवटपर्यंत बघत होते.

“बघितलं,” मी म्हटलं.

चाचांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांचे ओठ हलले.

“कितीदा?”

“दोनदा,” मी म्हटलं. “दुसऱ्यांदा बराच वेळ.”